उभ्या गाडीची जबाबदारी कुणाची?

आम्ही अष्टमीच्या बचत गटातल्या बायका बोलतोय. अष्टमी म्हणजे कुंडलिकेच्या काठावरची, रोह्याच्या समोरची. नगरपालिकेच्या पाटीवर दोन्ही नावं जोडून लिहितात, रोहा-अष्टमी. आमचं नाव मागून येतं, त्याची आम्हाला सवय झालीय.

आज आम्ही मोटरसायकल उतारावर कशी उभी करावी, याबद्दल बोलणार आहोत. हसू नका. हा विषय पुरुषांचा आहे असं आम्हालाही वाटायचं. मागच्या श्रावणापर्यंत वाटायचं.

त्या दिवशी आमची महिन्याची बैठक एका मैत्रिणीच्या पडवीत होती. तिचं घर गल्लीच्या खालच्या अंगाला आहे. गल्ली वरून खाली येते आणि पडवीपाशी वळते. पाऊस नुकताच उघडला होता. शेजारचा एक मुलगा मोटरसायकलवर आला, वरच्या बाजूला गाडी साइड स्टँडवर लावली आणि पाच मिनिटांत येतो म्हणून आत गेला. गाडीचं तोंड उताराकडे होतं, गिअर न्यूट्रलमध्ये. त्या वेळी यातलं काहीही आमच्या लक्षात आलं नाही. आम्ही हप्त्याचे पैसे मोजत होतो. गाडी कशानं हलली ते आजवर नक्की कळलेलं नाही. भिजल्या मातीत स्टँड रुतला असेल, नाहीतर एखाद्या पोरानं हँडलला हात लावला असेल. गाडी दोन पावलं पुढं सरकली, स्टँड आपोआप मागं मिटला आणि ती वीसेक फूट खाली येऊन पडवीच्या पायरीवर आदळली. पायरीवर आमच्या गटातली सगळ्यात मोठी मावशी बसली होती. तिच्या घोट्याचं हाड मोडलं.

मावशी बाजारात भाजी विकते. सहा आठवडे प्लास्टर, त्यानंतर काठी. श्रावणातली भाजी, गणपतीतली भाजी, सगळं बुडालं. मुलाच्या घरच्यांनी दवाखान्यात नेलं, पहिल्या दिवसाचे पैसेही भरले, ते नाकारत नाही. पण आम्ही पुढच्या खर्चाचं विचारायला गेलो तेव्हा एकच उत्तर मिळालं. गाडी तर उभी होती. कुणी चालवत होतं का? मग चूक कुणाची म्हणायची?

आम्ही गप्प बसलो, कारण आमच्याकडे उत्तर नव्हतं. गाडी उभी होती हे खरंच होतं. मग आमच्यातल्या दोघी-तिघींनी शोधाशोध सुरू केली. कुणी वाचनालयात गेलं, कुणी ओळखीच्या वकिलांना विचारलं, कुणी म्हाताऱ्या माणसांना. हा प्रश्न बराच जुना आहे असं दिसलं. उत्तरही जुनंच आहे, आपण ते विसरलोय.

आमच्या आज्यांच्या वेळी दाराशी मोटरसायकल नव्हती, बैलगाडी होती. भाताचे भारे, पेंढा, गवत, सगळं गाडीतून यायचं. उतारावर गाडी थांबवायची तर काय करायचे? बैल सोडायच्या आधी चाकाखाली दगड. आधी दगड, मग जू सुटायचं. हा क्रम कुणी मोडत नसे, कारण बैल सुटले की गाडीला धरून ठेवणारं कुणी उरत नाही. चढावर भरलेली गाडी नेताना मागून एक माणूस हातात धोंडा नाहीतर लाकडाचा ठोकळा घेऊन चालायचा. बैल दम खायला थांबले की ठोकळा चाकामागे. बहुतेक वेळा हे काम घरातल्या पोरग्याकडे नाहीतर बाईकडे असायचं. गाडी हाकणाऱ्याचं नाव व्हायचं, ठोकळा लावणारीचं कुणी लक्षात ठेवलं नाही. खाडीत पण तसंच, होडी बांधल्याशिवाय कुणी खाली उतरत नाही.

घाटाचा रस्ता झाला तेव्हा हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. आपल्या जिल्ह्यातून वर देशावर जाणारा बोरघाट १८३० साली, सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना, चाकाच्या गाड्यांसाठी खुला झाला. त्याआधी माणसं पालखीतून, माल बैलांच्या पाठीवरून. पुढं याच घाटात रेल्वे आली. १८५६ ला काम सुरू झालं आणि १८६३ साली गाडी घाट चढली. चढ इतका की ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. इथं एका बाईची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. घाटाच्या कामाचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली विलायतेहून आला आणि थोड्याच दिवसांत आजारपणानं गेला. त्याची बायको ॲलिस हिनं परत जायचं सोडून ठेका स्वतःच्या अंगावर घेतला, हाताखाली इंजिनियर नेमले आणि काम पुरं करून दिलं. एका वेळी चाळीस हजारांवर मजूर त्या घाटात राबत होते. त्यात बायाही होत्या, डोक्यावर पाट्या घेऊन. त्यांची नावं आम्हाला सापडली नाहीत.

आपल्या विषयापुरतं महत्त्वाचं ते असं. रेल्वेवाल्यांनी गाडी वर कशी न्यायची एवढाच विचार केला नाही, ती सुटली तर काय, याचाही केला. उतारावर मुख्य रुळाला फुटून वर चढत जाणारे छोटे रूळ त्यांनी घातले. ब्रेक न लागलेली गाडी खाली आली की ती त्या चढावर वळवायची, म्हणजे तिचा जोर आपसूक मोडतो. गाडी सुटणार हे धरून चालायचं आणि तयारी करायची, असा तो हिशेब होता. आमच्या गल्लीत असा हिशेब कुणी केला नव्हता.

मग मोटारी आल्या. १९३९ साली देशभरासाठी मोटार वाहन कायदा झाला आणि त्यात उभ्या गाडीबद्दल एक कलम घातलं. १९८८ साली नवा कायदा झाला, तो १ जुलै १९८९ पासून लागू आहे. त्यातही हे कलम आहे, क्रमांक १२६. वकिलांनी आम्हाला ते वाचून दाखवलं तेव्हा आम्ही दोनदा वाचायला लावलं. साध्या बोलीत त्याचा अर्थ असा की सार्वजनिक जागी गाडी उभी करून सोडायची असेल तर लायसन असलेला माणूस चालकाच्या जागी बसलेला हवा. तो नसेल तर इंजिन बंद हवं आणि ब्रेक लावलेला हवा, किंवा चालक नसताना गाडी आपोआप हलणार नाही असा दुसरा काही बंदोबस्त हवा. म्हणजे आज्यांचा दगडच की! आधी दगड, मग जू. गाडी उभी करणाऱ्याचं काम किल्ली काढली की संपत नाही, असं कायदा १९३९ पासून सांगतोय.

आता दुचाकीकडे येऊ. आपल्याकडे दुचाकी घरोघर पोचली त्याला फार दिवस झाले नाहीत. पुण्याजवळ आकुर्डीला बजाजचा कारखाना, तिथं १९६०च्या सुमारास इटलीच्या कंपनीच्या परवान्यावर वेस्पा बनू लागली. तो करार संपला आणि १९७२ ला चेतक आली. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे लोक. लग्नाच्या बोलणीत चेतकचा नंबर सांगितला जायचा, हे आमच्यातल्या थोरल्या काकूंना आठवतं. त्याच १९७२ साली पुण्याच्याच फिरोदियांची लुना आली. हलकी, पेडल असलेली, गिअर नाहीत. आमच्या भागात बाईनं चालवलेली पहिली गाडी बहुतेक लुनाच. शिक्षिका, नर्सबाई, पोस्टातल्या बाई लुनावरून जायच्या आणि पोरं मागं धावायची. १९८४ ला कायनेटिक होंडा आली, तिला बटण दाबून सुरू करायची सोय होती. १९८५ ला हिरो होंडा, पेट्रोल कमी खाणारी, आणि तिच्यामुळे मोटरसायकल शेतकऱ्याच्या आवाक्यात आली. ऐंशीच्या दशकातच बजाजची एम-८० आली. कोकणातल्या घाटांत, मासळीच्या टोपल्या, भाताचं पोतं, गॅसचा सिलिंडर, सगळं घेऊन चढणारी गाडी म्हणून लोक अजून तिचं नाव काढतात.

याच काळात आपल्या साडीचाही विचार झाला बरं का. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ नंबरचा नियम आहे. मागं बसणाऱ्याला धरायला कडी हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि मागचं चाक निम्म्याहून कमी झाकलेलं नसावं, म्हणजे कपडे चाकात अडकणार नाहीत. तीच आपली साडी गार्ड. नवी गाडी घेतल्यावर पोरं ती दिसायला बरी नाही म्हणून काढून टाकतात. काढू देऊ नका.

बैलगाडीला दोन चाकं शेजारीशेजारी, मोटरसायकलला एकामागं एक. म्हणून ती एकटी उभी राहूच शकत नाही, तिला तिसरा पाय लागतो. तो पाय म्हणजे स्टँड. साइड स्टँड डाव्या अंगाला असतो आणि गाडी त्याच्यावर डावीकडे कलते. आता तुमच्या अंगणातल्या गाडीजवळ जाऊन नीट बघा. स्टँड पुढच्या बाजूला उघडतो आणि मागच्या बाजूला मिटतो. आमच्या मावशीच्या मोडक्या घोट्याचं सगळं कारण यातच आहे. गाडीचं तोंड खाली असेल तर ती पुढे सरकते, स्टँडचं टोक जमिनीला टेकून जागच्या जागी राहतं, म्हणजे गाडीच्या मानानं ते मागं जातं आणि मिटतं. गाडीचं तोंड वर, चढाकडे असेल तर ती मागे सरकू पाहते. तेव्हा स्टँड पुढच्या अंगाला ढकलला जातो. तिकडे त्याला अडण आहे, तो आणखी उघडू शकत नाही. गाडीच्या वजनानं तो घट्टच होतो.

म्हणून उतारावर गाडीचं तोंड नेहमी वर करून लावायचं. इंजिन बंद केल्यावर पहिला गिअर टाकायचा, म्हणजे मागचं चाक इंजिनाला जखडून राहतं. गिअर टाकल्यावर गाडी हातानं हलकेच मागंपुढं ढकलून बघायची, अडकली की मग स्टँड. हँडल डावीकडे पूर्ण वळवून कुलूप लावायचं. मागच्या चाकाच्या खालच्या अंगाला दगड. पावसाळ्यात आपली माती लोण्यासारखी होते, त्यामुळे स्टँडखाली सपाट दगड, फळकुट किंवा कौलाचा जाड तुकडा घालायचा. उन्हाळ्यात भर दुपारी डांबर मऊ होतं, तेव्हाही हेच.

गाडी उताराला आडवी लावली तर? ते टाळलेलंच बरं. स्टँड वरच्या अंगाला आला तर गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि कुणी नुसतं टेकलं तरी पलीकडे पडते. स्टँड खालच्या अंगाला आला तर गाडी फार कलते, सगळं वजन त्या एका पायावर येतं आणि उचलताना आपल्या कमरेचं काही खरं नाही.

डबल स्टँड सपाटीवर उत्तम. पण तोही गाडी पुढं ढकलली की उतरतो, हे विसरू नका. खाली तोंड करून डबल स्टँडवर लावलेली गाडी एका धक्क्यानं उतरते. शिवाय मागचं चाक अधांतरी असेल तर गिअर टाकून काही उपयोग नाही, हवेतल्या चाकाला कोण धरणार?

आता आपल्या स्वतःच्या गाड्यांचं. २००१ च्या सुमारास ॲक्टिव्हा आली आणि तेव्हापासून गावोगाव मुली, सुना, आशाताई, अंगणवाडीच्या ताई बिनगिअरच्या स्कूटरवर फिरायला लागल्या. फार चांगलं झालं. भिसे खिंडीतून नागोठण्याला जायला आता कुणाची वाट बघत बसावं लागत नाही. पण बिनगिअरच्या स्कूटरचं एक दुखणं आहे. इंजिन बंद केलं की मागचं चाक मोकळं असतं. गिअरच नाही तर अडकवणार काय? अशा काही गाड्यांना डाव्या ब्रेकजवळ एक छोटी खिटी असते, ब्रेक दाबून ती अडकवली की ब्रेक लागलेला राहतो. आमच्यातल्या चौघींकडे स्कूटर आहे. एकीलाही ती खिटी माहीत नव्हती, आणि एकीच्या गाडीला ती होती! कुणी दाखवलीच नाही कधी. ज्यांच्याकडे खिटी नाही त्यांनी ब्रेकचा दांडा दाबून रबरी पट्ट्यानं मुठीला बांधावा. आमची एक मैत्रीण केसांचा जाड रबर वापरते, त्यावरून तिची थट्टा होते, पण तिची गाडी हलत नाही. विजेच्या स्कूटरवर ‘पी’ दिसलं म्हणजे मोटर चालणार नाही. चाक जखडलंय असं त्यावरून समजू नका, ढकलून बघा.

आणखी एक बोलायचंय. ‘जरा गाडी धर’ हे वाक्य तुम्ही किती वेळा ऐकलंय? रस्ता उताराचा, तो दुकानात जातो, तुमच्या कडेवर मूल, हातात पिशवी, आणि दुसऱ्या हातानं तुम्ही शंभर-सव्वाशे किलोची गाडी सावरताय. बैलगाडीमागचा ठोकळा होता, त्या जागी आता आपण. कलती गाडी हातानं पेलता येत नाही. ती पडायला लागली तर सोडून द्या आणि मूल घेऊन वरच्या अंगाला व्हा. आरसा फुटला तर फुटू दे. आणि पुढच्या वेळी सरळ सांगा, गिअर टाक, तोंड वर कर, मग जा.

पुन्हा त्या प्रश्नाकडे येतो. गाडी उभी होती, मग चूक कुणाची? कलम १२६ मिळालं. पण नुकसानभरपाईचं काय, ती तर ‘गाडीच्या वापरातून’ झालेल्या अपघाताला मिळते, आणि उभी गाडी वापरात कशी? याचं उत्तर साताऱ्याच्या बाजूच्या एका आईनं मिळवून दिलेलं आहे. २९ ऑक्टोबर १९८७. पहाटे राष्ट्रीय महामार्गावर पेट्रोलचा टँकर आणि मालट्रकची धडक झाली. टँकर रस्त्याखाली जाऊन आडवा झाला. काही तास तो तसाच पडून होता, पेट्रोल गळत होतं, माणसं जमली होती. सकाळी स्फोट झाला. त्यात या बाईचा मुलगा गेला. तिनं भरपाई मागितली. कुणाची चूक हे न बघता तातडीनं द्यायची रक्कम तेव्हा १५,००० रुपये होती. समोरून सांगितलं गेलं की टँकर तर पडलेला होता, चालत नव्हता, वापरात नव्हता. लवादानं तिचा अर्ज फेटाळला. मुंबई उच्च न्यायालयानं तिचं ऐकलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९१ साली निकाल लागला की गाडी उभी असली, बंद पडलेली असली, तरी ती वापरातच धरली जाऊ शकते. पंधरा हजारांसाठी ती बाई दिल्लीपर्यंत लढली. तिचा आधार आज देशभरातली माणसं घेतात.

हे कळलं तेव्हा आम्ही पुन्हा मुलाच्या घरी गेलो. भांडायला नाही. कागद बघू म्हटलं. भरपाई त्यांच्या खिशातून जायला नको, गाडीचा तिसऱ्या पक्षाचा विमा असेल तर विमा कंपनी देते, म्हणून. आता चूक सिद्ध न करता मिळणारी रक्कम मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख आहे, आणि अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करायचा असतो. मुलाच्या आईनं कपाटातून प्लास्टिकची पिशवी काढली. विमा चार महिन्यांपूर्वी संपला होता.

ती आईही आमच्याच वयाची. ती रडायला लागली. विमा संपल्यावर सगळा बोजा गाडीमालकावर येतो हे तिला आमच्याकडूनच कळत होतं. मावशीनं दावा लावायचा नाही असं ठरवलं. शेजार आहे, उद्या दार उघडलं की तोंड बघायचं आहे, असं तिचं म्हणणं. आमच्यातल्या काहींना ते पटलं नाही, अजूनही पटलेलं नाही. शेवटी त्यांनी दर महिन्याला थोडे थोडे पैसे द्यायचे असं ठरलं, आणि तोवर गटातून मावशीला बिनव्याजी रक्कम दिली. ते हप्ते अजून चालू आहेत. दोन चुकलेत.

त्या आठवड्यात आम्ही गटातल्या सगळ्या घरांतल्या गाड्यांचे विम्याचे कागद बैठकीला मागवले. अकरा गाड्या, त्यातल्या चार विम्याशिवाय फिरत होत्या. तीन घरांनी लगेच भरला. एक घर अजून उद्या म्हणतंय.

मावशी आता काठी टाकून चालते, पाऊस यायच्या आधी घोटा दुखतो म्हणते. बाजारात परत बसते. आणि बैठकीला ती पायरीवर बसत नाही, आत भिंतीला टेकून बसते. गल्लीच्या वरच्या अंगाला आम्ही तीन चांगले दगड चुना लावून ठेवलेत, ज्याला गाडी लावायची त्यानं चाकाखाली घ्यावा. तो मुलगा न चुकता घेतो. आता दोनच उरलेत. तिसरा कुणीतरी कपडे आपटायला नेला. तो कुणाच्या मोरीत आहे ते आम्हाला माहीत आहे, आणि हे बोलणं ती ऐकत असेल.